पान अकरा, दुसरा चौकोन

३ मार्च

ती. मावशीस,
कानामात्राचा शि. सा. न. वि. वि.

शब्दकोश मांडीवर घेऊन लिहितो आहे, तेव्हा लाल पेन जरा बाजूला ठेव. बातमी अशी की आपला चित्रकथेचा अंक निघाला. ‘काळा झेल्या, अंक पहिला’. तुला साप्ताहिकातला झेल्या आठवतो ना? जांभळी झूल पाठीवर, आणि कुणीही कुठूनही पडो, हा खाली हजर. एकदाही त्याचा झेल सुटला नाही. ते साप्ताहिक बंद पडून युगं झाली, पण आम्ही चार वेडे अजून त्याच्या गोष्टी आपापल्या रचतो. माझ्या गोष्टीतला झेल्या बिघडलेला आहे. तो वेळेवर येतो आणि हाताची घडी घालून बघत उभा राहतो.

दुकानातल्या यंत्रावर मालकांना विचारून चाळीस प्रती काढल्या. प्रत्येकीत एक पिवळी चिठ्ठी घातली आहे, ‘वाचकाचा अभिप्राय’, नाव ऐच्छिक. मालक म्हणाले की अक्षर झकास आणि गोष्ट भिकार, फलक रंगवणाऱ्याने फलकच रंगवावेत. आमच्या न्हाव्याला पान चारवरची पाण्याची टाकी हत्ती वाटली. गच्चीवर हत्ती कसा चढला असं त्याने चिठ्ठीत विचारलं आहे. आता अशा माणसाला काय समजावणार? आईने मुखपृष्ठ पाहिलं, अंक पालथा घातला आणि धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायला निघून गेली.

एक सांगायचं आहे, रागावू नकोस. पान अकरावर तुला न विचारता तुझ्या नवऱ्याला, काकाला, घेतलं आहे. नाव नाही आणि चेहराही बदलला आहे, पण लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभा राहून दुरुस्ती करणारा मिस्त्री दुसरा कोण असणार. काका गेला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि मला त्या दिवसाचं काही आठवत नाही. तू आणि आई सांगता तेवढंच ठाऊक आहे, की गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीतला खटका जुना झाला होता, तो आपोआप खाली पडला आणि लिफ्ट हलली. पण गोष्टीत काही आपोआप झालं तर वाचक मारतील. म्हणून मी तिथे खटका ओढणारा एक हात दाखवला आहे. मिस्त्री वर बघून ‘अरे थांब, मेल्या’ असं ओरडतो. हात कुणाचा, ते दुसऱ्या अंकात.

काका तसा मला खूप आठवतो. तुझी जांभळी शाल गळ्याला बांधून मी झेल्या व्हायचो, तेव्हा तो काहीतरी म्हणून चिडवायचा आणि मी रडायचो. काय म्हणायचा ते मात्र डोक्यातून साफ गेलं आहे. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून, नाहीतर हे सगळं बोललोच असतो.

दोन प्रती पाठवतो आहे. एक तुझी, एक छापखान्यात कुणाला वाचायची हौस असेल तर. माझ्यावरचा लोभ शुद्धलेखनावर अवलंबून ठेवू नकोस, एवढी विनंती.

तुझा,
कानामात्रा

—

९ मार्च

चि. कानामात्रा यास,
अ. उ. आ.

अंक पोचला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं, आता घरच्याही काढते. पान तीन, ‘हूशार’ नव्हे, ‘हुशार’. पान सात, ‘शुन्य’ नव्हे, ‘शून्य’. पान नऊवर झुलीची गाठ मानेमागे दिसते, मग ती त्या बाबाला बांधून कुणी दिली? खुणा केलेली प्रत परत पाठवते आहे. बाकी हात चांगला बसला आहे तुझा. जिने तर इतके खरे काढलेस की वाचताना मला धाप लागली.

न्हाव्याला हसू नकोस. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, की वाचणारा चुकला तर आधी मजकूर तपासावा. चूक वाचणाऱ्याची नसते, मजकुराची असते. तुझी टाकी हत्तीसारखीच आहे. तिला खाली चार पाय कशाला काढलेस?

काकाचं घेतलंस त्याचा राग नाही. फक्त दुसऱ्या अंकात तो हात कुणाचाही दाखवू नकोस. खटका आपोआप पडला, हेच खरं आहे आणि गोष्टीतही तेच राहू दे. वाचक मारतील तर मार खा. दुसरी प्रत छापखान्यात कुणीतरी नेली, बहुधा अक्षरजुळणीवाल्याने. ताईच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना? तिच्यापुढे हा विषय काढू नकोस, तिचं काळीज आधीच नाजूक झालं आहे.

माया आहे ती आहेच, ती काही छापून द्यावी लागत नाही.

तुझी,
मावशी

—

१७ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मावशी, एक विचित्र प्रकार झाला आहे. तीन दिवसांपूर्वी दुकानाच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. आत माझीच पिवळी चिठ्ठी, टंकलेली. नाव नाही, सही नाही, पाकिटावरचा टपालाचा शिक्का पुसट. मजकूर जसाच्या तसा उतरवतो:

‘पान ११, दुसरा चौकोन. “अरे थांब, मेल्या” चूक. “अगं, थांब” हवं. तो ओरडला नाही. त्याने शिवी दिली नाही.’

बस, एवढंच. पहिल्यांदा मला वाटलं की कुणीतरी थट्टा करतो आहे. मग ब्रश हातातून खाली ठेवला तो दिवसभर उचललाच नाही. गोष्ट खऱ्यावरून घेतली आहे हे तुझ्याखेरीज मी कुणालाही बोललेलो नाही. मग हा माणूस इतक्या खात्रीने कसा सांगतो की तो ओरडला नाही? ते ऐकायला तिथे असावं लागतं ना?

आणि ‘अगं’. मिस्त्री वर बघून ‘अगं’ म्हणाला, म्हणजे वर बाई होती. खटका आपोआप पडला नाही, मावशी. कुणीतरी बाईने तो ओढला, आणि हे माहीत असलेलं कुणीतरी माझा अंक वाचून बसलं आहे.

मी चाळीस वाचकांची यादी काढली. एकेकावर बोट ठेवलं की तो चोर वाटतो. दुकानात कुणी शिरलं की पाठ भिंतीला लावून उभा राहतो. काल बसथांब्यावर एक जण गुंडाळलेला अंक हातात घेऊन माझ्याकडे बघत होता, मी बस सोडून चालत घरी आलो. मागाहून कळलं की तो लाद्यांचा कॅटलॉग होता. तू हसशील. हस, पण मला खरंच घाबरायला झालं आहे. तूच सांग काय करू.

तुझा,
कानामात्रा

—

२० मार्च

चि. कानामात्रा,
आशीर्वाद.

ती चिठ्ठी फाडून टाक. जगात रिकामटेकडे पुष्कळ आहेत, त्यांच्या नादी लागायचं नसतं. ‘अगं’ काय आणि ‘अरे’ काय, अठरा वर्षांनी कुणाला काय आठवणार. दुसरा अंक काढू नकोस, किंवा दुसऱ्या कशावर काढ. तुझ्या न्हाव्याच्या हत्तीवर काढ.

ताईला चिठ्ठी दाखवू नकोस. हे मी विनवून सांगते आहे. मला तुझ्यासाठी भिती वाटते, माणूस एकदा उकरायला लागला की हाताला काय लागेल ते सांगता येत नाही. माझी शपथ आहे तुला.

मावशी

—

२४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. तू ‘भिती’ ऱ्हस्व लिहिलं आहेस. जन्मात पहिल्यांदा तुझ्या हातची चूक पाहिली, आणि त्या चिठ्ठीने घाबरलो नव्हतो एवढा तिने घाबरलो.

मग तुझी खुणा केलेली प्रत काढली. सगळी पानं लाल. मुखपृष्ठावरसुद्धा तीन खुणा. पान अकरावर मात्र एकही नाही. तिथे मी ‘विज’ ऱ्हस्व लिहिलं आहे, ते न्हाव्यालाही दिसलं असतं. तू ते पान वाचलंच नाहीस, नाहीतर तुझ्याने हात लाववला नाही. म्हणजे ती बाई कोण हे तुला माहीत आहे, आणि तू तिला पाठीशी घालते आहेस.

तू कुणाला पाठीशी घालशील, मावशी? जगात तुझं आहे कोण? मी आणि आई.

हे लिहिताना माझा मलाच राग येतो आहे. पण बघ, आई गेली अठरा वर्षं लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. दवाखान्यात सहा मजले धापा टाकत चढते आणि डॉक्टरांची बोलणी खाते. काकाचा विषय निघाला की उठून जाते. अंक पालथा घातला तो आजतागायत सुलटा केला नाही. तेव्हा ती दिवसपाळीला परिचारिका होती आणि मी दिवसभर तुमच्या घरी असायचो. त्या दिवशी ती खरंच कामावर होती का? तिला मी कधी विचारलंच नाही.

येत्या रविवारी विचारणार आहे. चिठ्ठी तिच्यापुढे ठेवीन आणि तिच्या तोंडाकडे बघीन. तिच्या जिवाला काही होईल याची धास्ती आहेच, पण न विचारता तिच्या हातचं जेवणही घशाखाली उतरत नाही. आज तिने पाणी दिलं तर मी त्या हाताकडेच बघत राहिलो. असं जगता येत नाही.

तुझी शपथ मोडतो आहे. क्षमा कर.

कानामात्रा

—

२६ मार्च

चि. कानामात्रा,
अनेक, अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालात टाकत नाही. आमच्या छापखान्याचा गाडीवान उद्या तिकडे कागद आणायला जातो आहे, त्याच्या हाती देते आणि तुझ्याच हातात द्यायला सांगते. रविवारच्या आत ते पोचलं पाहिजे. ताईला काही विचारू नकोस. ती त्या दिवशी कामावरच होती. तिचा केसाइतकाही दोष नाही.

चिठ्ठी मी लिहिली. छापखान्यातल्या यंत्रावर मीच टंकली आणि दुसऱ्या गावी जाणाऱ्या माणसाकडे टपालात टाकायला दिली. माझी अक्कल गहाण पडली होती असं समज. पान अकरावर पेन टेकवेना, आणि ते तसं सोडवेनाही. माझा नवरा शिवी देत गेला असं चाळीस घरांत वाचलं जाणार, हे मला सहन झालं नाही. सवयीने चूक दुरुस्त केली. त्या एका शब्दाने तू असा वाटेल तिकडे धावत सुटशील हे सुचलंच नाही. आणि आता तू ताईच्या हातांकडे बघायला लागलास, तेव्हा मला गप्प बसता येत नाही. अठरा वर्षं मी ज्याला घाबरले तेच माझ्या हाताने लिहायची वेळ आली आहे. तू बसून वाच. शेवटपर्यंत वाच, मध्ये थांबू नकोस.

त्या दिवशी काकाने खटका वर करून वीज तोडली आणि त्याला फलक अडकवला. लिफ्ट चौथ्या मजल्यावर होती, हा तिच्या टपावर. मोटारीच्या खोलीच्या जमिनीत दोर जायला भोक असतं, त्यातून त्याला वरचं दिसायचं. तू शाल बांधून गच्चीवर खेळत होतास. मी चहा घेऊन जिना चढत होते. मोटारीच्या खोलीला कुलूप असायचं, पण काम चालू म्हणून ते काढलेलं होतं. मी दारात पोचले तेव्हा तू चवड्यांवर उभा राहून दोन्ही हातांनी खटका धरला होतास.

त्याने तुला खालून पाहिलं. शाल बांधलीस की तो तुला काय म्हणायचा ते तुला आठवत नाही म्हणतोस. तो तुला मुलगी करायचा. ‘काय गं झेलूबाई, आज कुणाला झेलणार?’ असं म्हणायचा आणि तू भोकाड पसरायचास. त्या दिवशीही त्याच सुरात म्हणाला, ‘अगं, थांब. मी आलोच वर.’ हसत म्हणाला. माझे कान आता गेले, यंत्रांनी खाल्ले, पण ते मला अजून स्वच्छ ऐकू येतं. त्याला भीती वाटली नव्हती. तुझा राग तर नव्हताच. त्याच्या तोंडातला शेवटचा शब्द म्हणजे तुझी थट्टा होती. मग खटका खाली आला, लिफ्ट हलली आणि त्याचा तोल गेला. मी खटका वर ढकलला, पण तेवढ्यात व्हायचं ते झालं होतं.

आता मला जे सांगायचं आहे ते नीट वाच. तू सहा वर्षांचा होतास. बाराखडी झाली होती, जोडाक्षरं यायची होती. म्हणून तर तुला कानामात्रा म्हणायचो. फलकावर लिहिलं होतं ‘दुरुस्ती चालू’. पहिला शब्द तुला वाचता आला नाही. दुसरा आला. मी तुला उचलून खाली पळत असताना तू मला फुशारकीने सांगत होतास की तिथे ‘चालू’ लिहिलं होतं, ते मी वाचलं, आणि चालू केलं.

तो फलक माझ्या हातचा होता. काकाचं अक्षर बेकार, म्हणून आदल्या दिवशी मी झोकदार अक्षरात लिहून दिला. मुद्रितशोधक बाई मी. जिथे ‘बंद’ लिहायला हवं तिथे मी ‘चालू’ लिहिलं. चूक वाचणाऱ्याची नसते, मजकुराची असते, हे मी आल्यागेल्याला उगीच सांगत नाही.

संध्याकाळपर्यंत तुला ताप भरला, आणि चार दिवसांनी उठलास तेव्हा तुला काही आठवत नव्हतं. ताई आणि मी ठरवलं की आठवू द्यायचं नाही. खटका जुना होताच, चौकशीला आलेल्यांनी तेच धरून चालवलं. शाल मी फेकून दिली. पुढे मी तिथून निघून आले ते तुझ्या रागाने नव्हे. तू समोर असलास की मी सारखी तुझ्या तोंडाकडे बघायची, आज आठवलं की काय, या धास्तीने. मुलाला ते कळायला लागलं असतं. तुझ्या शुद्धलेखनाच्या मागे एवढी वर्षं का लागले, तेही आता तुला कळेल.

तुला हे सांगितलंच पाहिजे होतं की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. एकट्याने बसून राहू नकोस. ताईजवळ जा. तिला सगळं ठाऊक आहे.

तुझीच,
मावशी

—

४ एप्रिल

चि. कानामात्रा,
आशीर्वाद.

गाडीवान म्हणतो की पत्र तुझ्या हातात दिलं, तू दुकानाच्या पायरीवर बसून वाचलंस आणि त्याला पाणी विचारलंस. त्यानंतर आठ दिवस झाले. ताईचंही काही नाही. फोन लावला, पलीकडे कुणी बोलत होतं, पण मला शब्द लागेना. तूच होतास का तेही कळलं नाही.

सकाळपासून एकच मुद्रित घेऊन बसले आहे आणि एकही चूक दिसत नाही, म्हणजे मी वाचतच नाही. गच्ची, पूल, तुझ्या दुकानाची ती उंच शिडी, सगळं डोळ्यांपुढे येतं. मी घाबरले आहे रे. गाडीवान शुक्रवारी पुन्हा येणार आहे, त्याच्या हाती काहीही दे. दोन ओळी टाक. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल.

मावशी

—

७ एप्रिल

ती. मावशीस,
नमस्कार.

मी आहे. आधी एवढंच वाच, मग बाकीचं.

फोनवर मीच होतो. ‘मावशी, मी आहे’ असं तीनदा म्हणालो. त्या रविवारी आईला काही विचारलं नाही. तुझं पत्र तिच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. तिने वाचून घडी घातली आणि माझं डोकं धरलं. दोन दिवस मी तिथून फारसा उठलो नाही. ती म्हणाली की तिला लिफ्टची भीती कधीच नव्हती. मी बरोबर असताना ती लिफ्टमध्ये शिरली, तर मला काही आठवेल, एवढीच भीती होती. एकटी असतानाही मग तीच सवय पडली.

बुधवारी दुकानात गेलो. मालकांनी समोरच्या इमारतीसाठी फलक दिला, ‘लिफ्टचे काम चालू आहे’. मी तासभर नुसता बसलो. मग लिहिलं: ‘लिफ्ट बंद. आत माणूस आहे.’ सगळी अक्षरं मोठी, जोडाक्षर एकच. मालक म्हणाले की मजकूर गिऱ्हाइकाने दिलेला नाही. मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि राहू दिला.

चाळीसपैकी छत्तीस प्रती मागून आणल्या. न्हावी देईना, त्याला हत्ती हवा आहे. सोबत पान अकरा नव्याने काढून पाठवतो आहे. हात आता कुणाचा ते दिसतं. शाल जांभळी केली आहे, गाठ पुढे. मिस्त्री खालून वर बघतो आहे आणि हसतो आहे. त्याचं हसू पाच वेळा काढलं, जमेना. सहाव्यांदा जमलं, कारण तोवर आवाज आठवला होता. ‘काय गं झेलूबाई.’ खरंच मावशी, तो तसंच म्हणायचा. खटका मात्र अजून आठवत नाही. आठवेल की काय, म्हणून रोज उठताना अंगाला घाम असतो.

पान तपासून दे. फलक मी चित्रात कोरा सोडला आहे. त्यावर काय लिहायचं ते तू ठरव, तो तुझ्या हातचा आहे. आणि ते टपालाने पाठवू नकोस, घेऊन ये. आईने तुझी खाट घातली आहे.

मला भिती वाटते. ऱ्हस्व आहे, ठाऊक आहे. तशीच राहू दे.

तुझा,
कानामात्रा